फायरवॉल बंद करू नकोस

शेवगाव

चि. सोनू यास,


तुझा निरोप मिळाला. खालच्या खोलीत बाबांच्या संगणकाला जोडलेला प्रिंटर तुझ्या नव्या लॅपटॉपला दिसत नाही, म्हणून तू फायरवॉल बंद करून बघणार आहेस. तसं मुळीच करू नकोस. त्या संगणकात घरातल्या सगळ्यांची आधार कार्डं आहेत, सातबारे आहेत, आजीच्या पासबुकाची स्कॅन केलेली पानं आहेत. एका प्रिंटसाठी हे उघड्यावर टाकायचं नाही.

आधी खाली जाऊन त्याच संगणकावरून एक पान काढून बघ. तेच निघत नसेल तर बिघाड नेटवर्कचा नाही. लाइट गेली तेव्हाचं अर्धवट काम रांगेत अडकलं असेल, ते रद्द कर आणि प्रिंट स्पूलर ही सेवा पुन्हा सुरू कर.

पान निघालं, तर पत्ते बघ. आपल्याकडे लाइट येते-जाते, आणि राउटर बंद होऊन सुरू झाला की संगणकाला वेगळा आयपी पत्ता देऊ शकतो. जुन्या पत्त्यावर जोडलेला प्रिंटर मग सापडत नाही. दोन्हीकडे कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग चालव. घरच्या राउटरवर पत्त्याचे पहिले तीन आकडे सहसा सारखे असतात, जसे १९२.१६८.१. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. लॅपटॉप चुकून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर किंवा गेस्ट वायफायवर नाही ना, तेही बघ. गेस्ट वायफायवरच्या यंत्रांना घरातली इतर यंत्रं सहसा दिसू दिली जात नाहीत. सगळं जमलं की बाबांच्या संगणकाचा पत्ता राउटरच्या डीएचसीपी पानावर कायमचा राखून ठेव.

पुढची पायरी नीट बघ, कारण बहुतेक घरांत गाडं इथेच अडतं. विंडोज नव्या वायफायला पब्लिक समजतं आणि शेअरिंग बंद ठेवतं. दोन्ही संगणकांवर आपल्या वायफायचं प्रोफाइल प्रायव्हेट कर, नेटवर्क डिस्कव्हरी आणि फाइल व प्रिंटर शेअरिंग चालू कर. लागतील तेवढे नियम फायरवॉल स्वतःच उघडतं. मग फाइल एक्सप्लोररमध्ये दोन उलटे तिरके दंड देऊन बाबांच्या संगणकाचा आयपी पत्ता टाक. पत्त्याने उघडलं आणि नावाने नाही, तर जोडणी शाबूत आहे, फक्त नाव सापडत नाही.

पासवर्ड मागितला तर पिन चालत नाही, खात्याचा खरा पासवर्ड लागतो. बाबांनी पासवर्ड ठेवलेलाच नाही. तसल्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही, आणि ते योग्यच आहे. पासवर्ड असलेलं एक वेगळं साधं खातं काढ आणि त्याला प्रिंटरची, आणि लागलीच तर एकाच फोल्डरची, परवानगी दे. 'एव्हरीवन'ला, म्हणजे सगळ्यांना, पूर्ण ताबा देऊ नकोस.

व्हिडिओत कोणी एसएमबी १ ही शेअरिंगची जुनी पद्धत चालू करायला सांगेल. त्याचं ऐकू नकोस. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस तिच्यातल्या भोकातूनच जगभर पसरला. जूनमध्ये नॉटपेट्या या दुसऱ्या व्हायरसने तेच भोक वापरलं, तेव्हा न्हावा-शेवा बंदरातल्या मर्स्क समूहाच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं होतं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या नव्या आवृत्तीत एसएमबी १ पूर्वीसारखं आपोआप बसवणं थांबवलं. जुनं यंत्र त्याशिवाय चालत नसेल तर यंत्र बदलायचं.

प्रिंटर जोडताना ११बी ने संपणारी त्रुटी आली, तर ती सप्टेंबर २०२१ च्या सुरक्षा अपडेटपासून अनेकांना आली आहे. अपडेट काढू नकोस, दोन्ही संगणक पूर्ण अद्ययावत कर.

एकावेळी एकच बदल कर आणि प्रत्येक बदल वहीत लिहून ठेव. कुठल्या पायरीवर अडलास ते कळव, आणि पडद्यावर आलेल्या मजकुराचा फोटो पाठव. लाइट सारखी जाते, म्हणून बाबांना राउटरसाठी छोटा यूपीएस घ्यायला सांग.

तुझा,
मामा