सामान्य विज्ञान : केसांचे सूक्ष्म निरीक्षण

या पाठासाठी मुलांकडून विंचरताना गळलेले केस मागवावेत, उपटवू नयेत. मांजर व शेळी यांचेही केस जमवावेत. केस साबणाने धुऊन काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवावा, वर पातळ काच ठेवावी व सुमारे 100 पट मोठा करून पाहावा.

केसाचे भाग तीन : बाहेर खवल्यांचे आवरण, मध्ये रंगयुक्त थर व अगदी आत मज्जा. माणसाच्या केसात मज्जा जाडीच्या एकतृतीयांशाहून अरुंद, तुटक असते किंवा मुळीच नसते. मांजराच्या केसात ती रुंद, पुष्कळदा शिडीच्या पायऱ्यांसारखी दिसते. काळ्या केसात मज्जा न दिसल्यास पिकलेला केस घ्यावा.

सूक्ष्मदर्शक नसल्यास लांब केस दोन बोटांत धरून लांबीच्या दिशेने चोळावा. खवल्यांची टोके शेंड्याकडे वळलेली असल्याने तो मुळाच्याच दिशेने सरकतो.

शेवटी मुलांच्या केसांच्या पट्ट्यांवर नावांऐवजी क्रमांक घालावेत. मांजराचा केस मुले तत्काळ ओळखतील. परंतु कोणता केस कोणत्या जातीच्या मुलाचा, हे कोणासही सांगता येणार नाही. हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्यावे; त्यावर निराळ्या उपदेशाची आवश्यकता नाही.