भिरंडांचा आंबटपणा : झाड, जागा आणि हंगाम

गोव्यात ज्यास भिरंड व कोकणात ज्यास रातांबा म्हणतात, ते फळ वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मृदुफळांच्या वर्गात मोडते. डिचोलीच्या कुळागरांत पोफळी-माडांच्या सावलीत, तसेच पेडण्याच्या जांभ्या जमिनीच्या उघड्या उतारांवर ही झाडे आढळतात. फळे दिसावयास सारखी असली, तरी सर्वांची सोले सारखी उतरत नाहीत. काही लालबुंद व चांगली आंबट होतात, तर काही फिकी पडतात. सोलांची पारख रंग, आंबटपणा व कोरडेपणा यांवरूनच होत असल्याने या फरकाची कारणे बागायतदाराने जाणून घेणे हिताचे आहे.

भिरंडाच्या सालीतील मुख्य आम्ल हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल होय. त्याच कुळातील एका दक्षिणी फळात हेच प्रमुख आम्ल असल्याचे लुईस व नीलकंठन या शास्त्रज्ञांनी १९६५ साली दाखविले. सालीचा लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे येतो. या दोहोंचे प्रमाण आनुवंशिकता, परिस्थिती व तोडणीची वेळ यांनुसार बदलते.

पहिले कारण आनुवंशिकतेचे. बियांपासून वाढविलेली झाडे मातृवृक्षासारखी निपजतीलच असे नाही. शिवाय त्यांतील सुमारे निम्मी नर निघतात व फळ देत नाहीत. म्हणून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने निवड पद्धतीने ‘कोकण अमृता’ (१९९७) व ‘कोकण हातीस’ (२००६) या जाती प्रसारित केल्या. उत्तम मादी झाडाच्या डोळकाडीपासून मृदकाष्ठ कलम केल्यास त्याचे गुण कायम राहतात.

दुसरे कारण सूर्यप्रकाशाचे. पाने प्रकाशात साखर तयार करतात आणि रंगद्रव्याच्या निर्मितीस तीच साखर कामी येते. द्राक्षबागांत हे स्पष्ट दिसते. दाट पानांआड झाकलेल्या रंगीत द्राक्षघडांचा रंग फिका राहतो आणि नत्रखत अधिक दिल्यास पालवी वाढून सावली आणखी दाटते. उष्णता फार वाढली तर द्राक्षातील मॅलिक आम्ल श्वसनात खर्ची पडून आंबटपणा घटतो. यावरून प्रकाश हवा, परंतु अतिताप नको, हे लक्षात येते.

तिसरे कारण पाण्याचे व पावसाचे. भिरंडे साधारणतः एप्रिलपासून जूनपर्यंत पिकतात. गोव्यात जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस सुरू झाला की उशिरा पिकणाऱ्या फळांत पाणी भरते व विद्राव्य घटक विरळ होतात. त्याहून मोठी हानी म्हणजे साली उन्हात वाळविता येत नाहीत व त्यांना बुरशी धरते. वर्षभराच्या पिकाचा एक भाग अशा रीतीने झाडाखालीच कुजून जातो. पावसापूर्वी बहुतांश फळे देणाऱ्या झाडाचे महत्त्व यातूनच कळते.

बागायतदाराने पुढील गोष्टी कराव्यात. कुळागरातील झाडावर पडणाऱ्या दाट सावलीच्या फांद्या विरळ कराव्यात. पूर्ण लाल झालेली फळे वेळच्या वेळी उतरवावीत. हिरवट फळे त्यांत मिसळू नयेत. प्रत्येक झाडाची फळे वेगळ्या टोपलीत ठेवून त्यांची सोले निराळी वाळवावीत आणि लवकर पिकणारे गुणी झाड खूण करून कलमांसाठी राखावे.

ही पारख शाळेतही करता येईल. दोन झाडांच्या ताज्या साली समान वजनाच्या घेऊन समान पाण्यात रात्रभर भिजवाव्यात. गाळलेल्या पाण्याचे समान माप घेऊन त्यात खाण्याच्या सोड्याचे द्रावण थेंबाथेंबाने टाकावे. लाल रंग पालटून जांभळट-निळसर होऊ लागेपर्यंत ज्या पाण्यास अधिक थेंब लागतील, ते अधिक आंबट समजावे. सालीतील रंगद्रव्यच येथे दर्शकाचे काम करते. विद्यार्थ्यांनी आपापल्या वाड्यावरील झाडांची अशी नोंद ठेवल्यास कलमांसाठी कोणती झाडे निवडावी, हे ठरविण्यास गावाला मोठी मदत होईल.