सतरंजी व घोंगडीवरील डाग कसे काढावेत?



तुडीलसारख्या गावात पाहुणा आला की प्रथम सतरंजी अंथरली जाते. तिच्यावर चहा सांडतो, कालवणाचे थेंब पडतात. डाग दिसताच आपण गरम पाणी व साबण घेऊन घासू लागतो आणि पुष्कळदा तो डाग कायमचा बसतो. म्हणून आधी डाग ओळखावा, मग उपाय करावा.

सांडलेला पदार्थ लगेच सुती फडक्याने टिपून घ्यावा. डाग कडेकडून मध्याकडे पुसावा, म्हणजे तो पसरत नाही. रंगीत सतरंजीवर कोणताही उपाय आधी एका कोपऱ्यावर करून पाहावा.

डागानुसार उपाय :

१) चहा : ताज्या डागावर थंड पाणी ओतून टिपावे, नंतर साबण लावावा.

२) हळद-तेल : डाळीचे पीठ पसरून तेल शोषू द्यावे व झटकावे. साबण लागताच डाग लाल होतो. ही साबणातील क्षाराची क्रिया असते, घाबरू नये. स्वच्छ धुऊन उन्हात टाकावे. हळदीचा रंग उन्हाने उडतो.

३) रक्त : फक्त थंड पाणी वापरावे. गरम पाण्याने रक्तातील प्रथिने गोठून धाग्यात बसतात.

४) ट्रंकेचा गंज : लिंबाचा रस व मीठ लावून उन्हात ठेवावे, नंतर भरपूर पाण्याने धुवावे.

५) पुराचा गाळ : जुलै २०२१ मध्ये महाड शहरात व नदीकाठी पुराचे पाणी घरांत शिरले, तेव्हा अंथरुणे गाळाने भरली. असा गाळ ओला असतानाच स्वच्छ पाण्याने काढावा, मग साबणाने धुवावे. पुराच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेले असते; हातमोजे घालावेत.

घोंगडी लोकरीची असते. तिला धुण्याचा सोडा वा ब्लीचिंग पावडर लावू नये. थंड पाण्यात रिठ्याच्या फेसाने हलके दाबून धुवावी. पिळू नये, आडवी पसरून सावलीत वाळवावी.

सावधान : ब्लीचिंग पावडरमध्ये लिंबू किंवा व्हिनेगर कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

आपल्याकडे पावसाळ्यात हवा दमट असते. दमट अंथरूण घडी करून ठेवल्यास बुरशीचे काळे ठिपके पडतात व ते सहसा जात नाहीत. त्यामुळे मोठी धुलाई मे महिन्यातच उरकावी व पूर्ण सुकल्यावरच घडी घालावी.