पिना सुटल्या, मुंगूस आत

प्रश्न : कोंबड्यांच्या खुराड्याला आंब्याच्या रिपांची चौकट करून स्टेपल गनने जाळी मारली होती. पावसाळा सरता सरता निम्म्या पिना सुटल्या आणि मुंगसाने जाळी उचकटून एक तलंग नेली. याहून जड गन घ्यावी का? (एक वाचक, गुहागर तालुका)

उत्तर : नवी गन घेण्याआधी सुटलेली एक पीन हातात घेऊन बघा. पाय सरळच्या सरळ असतील, तर ती लाकडातून नुसती सरकत बाहेर आली आहे. तांबरून मोडले असतील, तर ते खाऱ्या हवेचं काम. तुमच्याकडे बहुधा दोन्ही नमुने सापडतील.

हलक्या गनमध्ये साधारण 6 ते 8 मिलिमीटर पायांची पीन बसते. त्यातून जाळीच्या तारेची जाडी वजा केली की लाकडात जाणार ती किती? त्यात आंब्याचं लाकूड पावसात पाणी पिऊन फुगतं, उन्हात आकसतं, आणि प्रत्येक वेळी पीन केसभर वर येते. जड गनच्या लांब पिना जास्त टिकतील, पण दुखणं तेच राहील. पिनेने जाळी जागेवर धरावी. ओढ सोसणं तिच्यावर टाकू नये.

ती पट्टीने सोसावी. जाळीची कडा इंचभर दुमडून, ताणून पिनांनी टाचा. मग वरून पाऊण इंची लाकडी पट्टी ठेवून दर सहा इंचांवर स्क्रू आवळा. आता मुंगसाला एका पिनेशी नव्हे, सबंध पट्टीशी झुंजावं लागेल. स्क्रू जस्ताचा मुलामा दिलेले घ्या. परवडत असतील तर स्टेनलेस स्टीलचे. पट्टीचा खटाटोप नको असेल तर तारेच्या कुंपणाला मारतात ते यू खिळे चालतील. रीप बारीक असली तर आधी गिरमिटाने भोक पाडा, नाहीतर ती उभी चिरते. पीन असो वा यू खिळा, तिरका मारा. दोन्ही पाय लाकडाच्या एकाच रेषेत गेले की ते तिथेच फाटतं.

जाळी तुम्ही आतून मारली आहे का? बरेच जण तसंच करतात, दिसायला नीट दिसतं म्हणून. पण मुंगूस बाहेरून रेटतं, तेव्हा आतली जाळी चौकटीपासून सुटत जाते. बाहेरून मारली तर तोच रेटा तिला लाकडावर दाबतो. खालची कडा फूटभर बाहेर वळवून जमिनीवर पसरा आणि वर चिरे ठेवा, म्हणजे उकरून आत शिरणंही अवघड. आणि षटकोनी भोकांची ती पातळ जाळी कोंबड्या आत ठेवण्यापुरतीच. मुंगसासाठी अर्ध्या इंची वेल्डमेश हवी. गनचे पैसे तिच्यात घाला.

जुनी गन मात्र फेकू नका. खिडकीला डासांची जाळी मारायला ती झकास. वरच्या कडेच्या मध्यापासून कोपऱ्यांकडे जा, गनचं नाक लाकडावर घट्ट दाबा, आणि एखादी पीन अर्धवट उभी राहिली तर हातोडीने ठोकून टाका.