वाळूत रुतलेले वाहन बाहेर काढताना घ्यावयाची काळजी

पावसाळा संपून नदीचे पाणी ओसरले म्हणजे पात्रातील वाळवंटात कलिंगडाच्या व खरबुजाच्या वाड्या लावण्याची पद्धत आपल्याकडे फार जुनी आहे. या वाड्यांना शेणखत पोहोचविणे व पुढे उन्हाळ्यात फळे बाहेर आणणे ही कामे पूर्वी बैलगाडीने होत. आता ती बहुतेक ठिकाणी ट्रॅक्टर व ट्रॉलीने होतात. बैलगाडी वाळूत रुतली तर चार माणसांच्या खांद्याने निघत असे. भरलेली ट्रॉली व तिच्या पुढचा ट्रॅक्टर यांचे तसे नाही. तेथे नुसत्या जोराने काम भागत नाही, आणि चुकीच्या जागी लावलेला जोर प्राणघातक ठरतो.

वाहन रुतले की गावातील माणसे मदतीस धावून येतात. हा आपल्या खेड्यांतील मोठा गुण आहे. परंतु अशा प्रसंगी होणाऱ्या अपघातांत इजा पुष्कळदा मदतीस आलेल्यालाच होते, ही गोष्टही ध्यानात ठेवली पाहिजे. म्हणून मदत कशी करावी याचा विचार या लेखात केला आहे.

वाळूत चाक का रुतते?

वाळूच्या कणांना काळ्या मातीप्रमाणे एकमेकांस धरून ठेवण्याचा चिकटपणा नसतो. कोरडी वाळू भार पेलते ती केवळ कणांच्या परस्पर घर्षणामुळे. चाक जागच्या जागी फिरू लागले की ते आपल्याखालची वाळू उपसून मागे फेकते व स्वतःसाठीच खड्डा खणते. चालकाने जितका अधिक वेग द्यावा तितके चाक अधिक खोल जाते, आणि अखेर वाहनाचे पोट वाळूवर टेकते. मग चाकांवर भारच उरत नाही व ती नुसती फिरत राहतात.

किंचित ओली वाळू मात्र बऱ्यापैकी घट्ट असते, कारण कणांमधील थोडे पाणी त्यांना धरून ठेवते. रात्रीच्या गारव्याने ओलसर राहिलेल्या वाळूवरून सकाळी गाडी सुखरूप जाते आणि दुपारी तीच वाट दगा देते, याचे कारण हेच होय. उलट, वाळू पाण्याने पूर्ण भरली की कण एकमेकांपासून सुटतात व इंजिनाच्या हादऱ्यानेही वाहन खचू लागते. चाकाभोवती पाणी वर येत असेल तर इंजिन चालू ठेवून हादरे देत राहू नये. पात्रात पूर्वी वाळू काढलेले खड्डे असतील तर ते वरून भरलेले दिसतात, पण आत पोकळ वा पाणथळ असतात. अशा जागा विशेष धोक्याच्या समजाव्यात.

प्रथम काय करावे?

चाक एकदा जागेवर फिरले की वेग देणे तत्काळ थांबवावे. ट्रॅक्टर ज्या चाकोरीने आला त्याच चाकोरीने सावकाश मागे घेण्याचा एकदा प्रयत्न करावा. तो साधला नाही तर इंजिन बंद करून खाली उतरावे. चाक अर्धे रुतलेले असता थांबलेला चालक अर्ध्या तासात बाहेर येतो. हट्टाने वेग देत राहिलेल्याचा सारा दिवस जातो.

त्यानंतर कामाची सूत्रे एकाच अनुभवी माणसाच्या हाती द्यावीत. पाच जणांनी पाच प्रकारचे हुकूम दिल्यास चालकाने कोणाचे ऐकावे? हाताच्या खुणा आधी ठरवाव्यात. ‘थांबा’ ही खूण मात्र कोणीही करावी व ती दिसताच चालकाने थांबावे. मुले व बघे यांना प्रथमच दूर उभे करावे. वर धरण असेल तर पाणी सोडण्याची सूचना आहे काय, याची चौकशी करावी. पाणी येण्याची भीती असेल तर माणसे व जनावरे आधी काठावर न्यावीत. यंत्राचा विचार नंतर करावा.

भार उतरविण्याचा हिशेब

पुष्कळ ठिकाणी माल उतरविण्याचा कंटाळा केला जातो व भरली ट्रॉली तशीच ओढू पाहतात. या बाबतीत थोडा हिशेब करून पाहावा. रुतलेली वाहने काढणाऱ्यांचा एक ढोबळ नियम असा आहे की, वाहन चाकाच्या रिमपर्यंत रुतले असेल तर ते हलविण्यास सुमारे त्याच्या मालासह वजनाइतका ओढ लागतो. मडगार्डपर्यंत रुतल्यास हा ओढ दुप्पट होतो आणि त्याहूनही वर, धडापर्यंत, रुतल्यास तिप्पट.

समजा, रिकाम्या ट्रॉलीचे वजन दीड टन आहे व तिच्यात तीन टन कलिंगडे आहेत. रिमपर्यंत रुतलेल्या या ट्रॉलीस साडेचार टन ओढ लागेल. मदतीस येणारा ट्रॅक्टर साधारण दोन टन वजनाचा असतो, आणि कोणताही ट्रॅक्टर घट्ट जमिनीवरसुद्धा आपल्या वजनाइतका ओढ सहसा देऊ शकत नाही. मऊ वाळूत तर त्याची शक्ती पुष्कळच कमी होते. म्हणजे येथे दोर तुटेल, दुसराही ट्रॅक्टर रुतेल किंवा तो उलटेल, पण ट्रॉली निघणार नाही. तीच ट्रॉली रिकामी केली की ओढ दीड टनावर येतो. चाकांपुढील वाळू उपसल्यावर तो आणखी कमी होतो. दहा माणसांनी तासभर माल उतरविणे हाच येथे सर्वांत स्वस्त व सुरक्षित उपाय होय.

बैलजोडी जुंपून काम होईल अशीही पुष्कळांची समजूत असते. बैलजोडी सतत ओढू शकते तो भार तिच्या वजनाच्या सुमारे एक-दशांश असतो. क्षणभर ती याच्या काही पट जोर लावते हे खरे, परंतु एवढ्या भारापुढे तो अपुराच पडतो. शिवाय साखळी तुटल्यास मुक्या जनावरास इजा होते. म्हणून बैल जुंपू नयेत.

वाळू उपसणे व चाकांस आधार देणे

माल उतरविल्यावर ट्रॉली ट्रॅक्टरपासून सोडवावी. तत्पूर्वी तिच्या चाकांना उटी लावावी व तिची दांडी ओंडक्यावर टेकवावी. मग ट्रॅक्टर एकटा काढावा. बहुधा तो आल्या वाटेने मागेच काढणे सोपे जाते. त्यासाठी चारही चाकांच्या मागील वाळू फावड्याने अशी उपसावी की चाकास उभी भिंत न लागता हळूहळू चढणारा उतार मिळेल. पोटाखालची वाळूही लांब दांड्याच्या फावड्याने बाजूने ओढून काढावी. वाहनाखाली शिरून कोणीही वाळू काढू नये. जॅक लावणे भाग असेल तर त्याच्याखाली रुंद व जाड फळी घालावी, कारण नुसत्या वाळूत जॅक तिरपा होऊन निसटतो.

उतारावर चाकालगत फळ्या, दुमडलेली गोणपाटे किंवा कोकणात नारळीच्या झावळ्या अंथराव्यात. बाभळीच्या फांद्या टाकू नयेत, त्यांच्या काट्यांनी टायर पंक्चर होतात. उसाचे वाळलेले पाचट किंवा कडबा जीप व मोटारीच्या तापलेल्या सायलेन्सरजवळ घातल्यास पेट घेतो. फिरणारे चाक फळी मोठ्या जोराने फेकते. म्हणून वाहन चालू करताना सर्वांनी चाकांच्या पुढून व मागून दूर व्हावे.

टायरमधील हवा थोडी कमी केल्यास टायर पसरतो, त्याचा जमिनीशी स्पर्श वाढतो व वाळूवरील दाब घटतो. जीपच्या टायरमध्ये दर चौरस इंचास ३० ते ३५ पौंड हवा असते, ती १५ ते २० पौंडांपर्यंत उतरविल्यास पुष्कळदा वाहन दुसऱ्या कोणत्याही साहाय्याविना निघते. याहून फार खाली गेल्यास टायर रिमवरून निसटण्याचा संभव असतो. ट्रॅक्टरच्या मागील टायरांत मुळातच हवा कमी असते. ती वाहनाच्या पुस्तिकेत दिलेल्या किमान दाबाखाली नेऊ नये. भरलेल्या ट्रॉलीच्या टायरांची हवा कमी करू नये.

ट्रॅक्टर मागे का उलटतो?

या विषयातील सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. इंजिनाची शक्ती मागील चाके फिरविण्याचा प्रयत्न करते. चाके मोकळी असतील तर ती फिरतात व ट्रॅक्टर पुढे जातो. परंतु चाके घट्ट अडकून बसली असतील, तर तीच शक्ती आसाभोवती ट्रॅक्टरचे धड वर उचलू लागते. पुढील चाके जमीन सोडतात आणि ट्रॅक्टर मागे चालकाच्या अंगावर येतो. ज्या क्षणानंतर तो सावरता येत नाही तो क्षण सुमारे पाऊण सेकंदात येतो. तेवढ्यात धोका ओळखून क्लच दाबणे बहुतेकांस साधत नाही. म्हणून हा प्रसंग येऊच न देणे हाच त्यावरील उपाय आहे.

याकरिता पुढील तीन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. पहिली, रुतलेल्या ट्रॅक्टरच्या मागील चाकांना ओंडका बांधून किंवा त्यांच्यापुढे ओंडका अडकवून पुढे जाण्याचा प्रयत्न करू नये. दुसरी, ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा दोर केवळ मागील ड्रॉबारलाच बांधावा. आसास, टॉपलिंकच्या जागी किंवा बैठकीच्या आधारास दोर बांधल्यास ओढ उंचावरून बसतो व ट्रॅक्टर मागे उलटतो. तिसरी, पुढील टोक जड व्हावे म्हणून बॉनेटवर किंवा मडगार्डवर माणसे बसवू नयेत. ट्रॅक्टरला संरक्षक चौकट असेल तर चालकाने पट्टा अवश्य बांधावा. पुढील चाके किंचित उचलली गेल्याचे जाणवताच क्लच दाबावा व प्रयत्न सोडून द्यावा.

दोर व साखळी

दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढावयाचे असल्यास तो घट्ट जमिनीवर उभा करावा व मध्ये लांब दोर वापरावा. ओढ शक्य तो सरळ रेषेत व रुतलेल्या वाहनाच्या आल्या चाकोरीच्या दिशेने असावा. रुतलेल्या वाहनाचा दोर त्याच्या ड्रॉबारला, पुढील ओढ-हुकाला किंवा चौकटीला बांधावा. बंपर, स्टिअरिंगचे दांडे अथवा पुढील आस यांस तो बांधू नये.

ताणलेल्या दोरात धनुष्याच्या दोरीप्रमाणे शक्ती साठलेली असते. नायलॉनचा दोर तुटला तर चाबकासारखा परततो, आणि त्याच्या टोकास लोखंडी हूक असेल तर तो गोळीसारखा सुटतो. तारेचा दोर व साखळीची तुटलेली कडी यांनीही माणसे दगावू शकतात. म्हणून झिजलेला, तंतू तुटलेला किंवा गाठी मारून जोडलेला दोर वापरू नये. गाठीमुळे दोराची ताकद निम्म्यापर्यंत उतरते. दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरात चालकांखेरीज कोणीही उभे राहू नये. दोर दहा मीटर असेल तर पंधरा मीटर दूर उभे राहावे. ताणलेला दोर कोणीही ओलांडू नये, त्यास हात लावू नये. दोराच्या मध्यावर ओले जड गोणपाट टाकल्यास तुटलेल्या दोराचा वेग काहीसा कमी होतो, परंतु त्यावर विसंबून जवळ उभे राहणे योग्य नाही.

ओढताना सर्वांत खालचा गिअर घ्यावा, प्रथम दोराची ढील सावकाश काढावी व नंतर एकसारखा ओढ द्यावा. दोर ढिला ठेवून वेगाने झटका देणे हे धाडस नव्हे, अविचार आहे. अशा झटक्याने दोरावर नेहमीच्या ओढाच्या अनेकपट ताण येतो. दोन-तीन प्रयत्नांत वाहन हलले नाही तर थांबून पुन्हा वाळू उपसावी.

समुद्रकिनाऱ्यावरील विशेष काळजी

कोकणात वाळूबरोबर भरतीचाही विचार करावा लागतो. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते. म्हणजे ओहोटीच्या तळापासून पूर्ण भरतीपर्यंत जेमतेम सहा तास मिळतात. तिथीची पाऊणपट केली असता भरतीची ढोबळ वेळ निघते, हा आपल्या किनाऱ्यावरील जुना आडाखा आहे. चतुर्थीस तीन वाजता व अष्टमीस सहा वाजता पूर्ण भरती धरतात. नेमकी वेळ मात्र भरतीच्या छापील तक्त्यावरून पाहावी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाचे पाणी अधिक वर चढते. पाणी चाकांना लागू लागले तर वाहनाचा मोह सोडून माणसांनी वर यावे.

वाहन निघाल्यानंतर

जीप वा मोटारीच्या धुराच्या नळीत वाळू भरली असेल तर ती काढल्याशिवाय इंजिन चालू ठेवून आत बसू नये, विषारी धूर आत साचतो. कमी केलेली हवा पक्क्या रस्त्यावर वेग घेण्यापूर्वी पुन्हा भरावी. ब्रेक तपासावेत. खाऱ्या पाण्याचा संपर्क झाला असल्यास वाहन गोड्या पाण्याने धुवावे. खणलेले खड्डे बुजवावेत, नाहीतर उद्या त्यांत एखादे गुरू किंवा दुसऱ्याची गाडी सापडेल. दुर्दैवाने कोणास इजा झालीच तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

संक्षेपाने

वाट आधी पायी चालून, काठीने वाळू चाचपून पाहावी. एका मोठ्या खेपेऐवजी दोन अर्ध्या खेपा कराव्यात. रुतताच वेग थांबवावा, भार उतरवावा, वाळू उपसावी, आधार द्यावा व मागे काढावे. ओढण्याचा उपाय शेवटी योजावा, आणि तोही ड्रॉबारला बांधलेल्या चांगल्या दोराने, झटका न देता व माणसे दूर ठेवून. ग्रामपंचायतीने किंवा सहकारी संस्थेने दोन मजबूत दोर, चार जाड फळ्या व काही फावडी एके ठिकाणी ठेवल्यास हंगामात ती साऱ्या गावाच्या उपयोगी पडतील. ट्रॉलीभर कलिंगडांचे नुकसान एखाद्या हंगामात भरून निघते, पण मदतीस आलेला शेजारी गेला तर ते नुकसान कोणत्याही पिकाने भरून निघत नाही.