पारदर्शक फिल्म की व्हिनाइल रॅप?

प्रश्न : उद्यमबागेत माझं मशीन शॉप आहे. नवी स्पोर्ट्स कार दिवसभर तिथंच उभी असते. रंग जपायला काय लावू?

उत्तर : रंगच जपायचा असेल तर पारदर्शक पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म) लावा. ती टीपीयू या लवचीक प्लास्टिकची, साधारण 150 ते 200 मायक्रॉन जाडीची असते. पुणे-बेंगळुरू महामार्गावर उडणारी खडी ती झेलते, बारीक ओरखडे उन्हाच्या उबेनं भरून येतात. व्हिनाइल तिच्या निम्म्या जाडीचं. ते रूप बदलण्यासाठी. गाडीचा रंग बदलणार असाल तर आरटीओत आरसीवर नोंद करून घ्या.

तुमची खरी अडचण मात्र वेगळी आहे. फाउंड्री आणि ग्राइंडिंगमधून उडालेले लोखंडाचे कण रंगात रुततात, पावसाळ्यात गंजून तांबूस ठिपके पडतात. फिल्मखाली ते अडकले तर काढायला फिल्मच उचलावी लागेल. म्हणून आधी आयर्न रिमूव्हर, मग क्ले बार, हे करवून घ्याच. घाई करणाऱ्या कारागिराकडे गाडी देऊ नका. एखादं पॅनल नव्यानं रंगवलं असेल तर महिनाभर थांबा.

खर्च झेपत नसेल तर बॉनेट, पुढचा बंपर, आरसे आणि चाकांमागचा भाग एवढंच झाका. आणि गाडी ग्राइंडरपासून लांब लावा.