वारंवार होणारा मूत्रदाह : अधिष्ठान बस्ती की योनी?

‘उन्हाळी लागली आहे’ एवढे ऐकून चंद्रप्रभा वटी व गोक्षुरादि गुग्गुळ देण्याचा प्रघात चिकित्सालयात आहे, तसाच औषधी दुकानातही आहे. एक वेळ ते चालून जाते. परंतु सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा तीच रुग्णा परतली, तर व्याधीचे अधिष्ठान नव्याने शोधले पाहिजे.

चरकसंहितेत चिकित्सास्थानाच्या २६ व्या अध्यायात आठ मूत्रकृच्छ्रे व ३० व्या अध्यायात वीस योनिव्यापद स्वतंत्रपणे वर्णिले आहेत. व्यवहारात त्यांची सरमिसळ होते, कारण दाह दोन्हींत असतो. वारंवार वेग, आतून दाह व ओटीपोटात वेदना असल्यास बस्तीचा विचार करावा. मूत्र बाहेरील त्वचेस लागून चुरचुरत असेल, सोबत कंडू वा स्राव असेल, तर योनिपरीक्षणावाचून औषध देऊ नये. दह्याच्या गुठळ्यांसारखा स्राव व तीव्र कंडू बुरशीकडे निर्देश करतात. हिरवट, फेसाळ स्राव ट्रायकोमोनासमुळे असल्यास पतीचीही चिकित्सा करावी लागते.

माझ्याकडील एका ५२ वर्षीय मधुमेही रुग्णेस चार महिन्यांत तीनदा तृणपंचमूळ क्वाथ व चंद्रप्रभा दिली. उपशय अल्पकाळच टिके. चौथ्या वेळी तिने पिशवीतून गोळ्यांचे पाकीट काढले. ते डापाग्लिफ्लोझिनचे होते. हे औषध मूत्रावाटे शर्करा बाहेर टाकते. त्यामुळे योनिभागी बुरशी वाढणे हा त्याचा परिचित उपद्रव होय. पाकीट आधी मागितले नाही, हा दोष माझाच. तिच्या मधुमेहतज्ज्ञांशी बोलून औषध बदलले व बुरशीनाशक योनिवर्ती दिली. अशा रुग्णेस गोळी परस्पर बंद करण्यास मात्र कधीही सांगू नये.

पंचवल्कल क्वाथाचे योनिधावन मर्यादित दिवस व वैद्याच्या देखरेखीखालीच करावे. घरी नित्य धावन केल्याने योनीतील उपकारक जिवाणू नष्ट होतात. गर्भिणीस ते वर्ज्यच. रजोनिवृत्तीनंतरच्या शुष्कतेत रूक्ष कषायांपेक्षा तैलपिचू योजणे मला युक्त वाटते.

प्रतिजैविक सुरू होण्यापूर्वी मूत्राचा मधल्या धारेचा नमुना कल्चरसाठी पाठवावा. थंडी वाजून ज्वर, कुक्षिशूल, छर्दी वा सरक्त मूत्र असल्यास, तसेच रुग्णा गर्भिणी असल्यास, त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. औषधी दुकानदारांनी अशा रुग्णेस काउंटरवरून आणखी एक बाटली देऊ नये. मधुमेही स्त्रीस शर्करायुक्त पाक तर नाहीच नाही.